सोसायटीच्या सभेतलं तत्त्वज्ञान

नौपाडा, ठाणे

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर म्हणालीस, तत्त्वज्ञानातली ज्ञानमीमांसा, सत्ताशास्त्र, नीतिशास्त्र ही नावं पाठ होतात, पण त्या शाखा वेगळ्या का काढल्या ते कळत नाही. रविवारी आपल्या सोसायटीची रिडेव्हलपमेंटची सभा झाली. तिथे त्या सगळ्या भांडत होत्या, म्हणून लिहितोय.

बिल्डरचा माणूस म्हणाला, इमारत धोकादायक आहे. तळमजल्यावरच्या आजोबांनी एकच विचारलं, "कशावरून?" आपल्याला कळतं ते कशावरून, हे विचारणारी ज्ञानमीमांसा सगळी इथेच. आपल्याकडचा जडवादी चार्वाक फक्त प्रत्यक्ष, म्हणजे इंद्रियांना जाणवतं ते, मानतो. त्याच्या हिशेबी जिन्यातला तडा दिसतो, तेवढंच खरं. न्यायदर्शन ही भारतीय तर्काची परंपरा चार प्रमाणं, म्हणजे ज्ञानाची साधनं, मानते: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान (साम्यावरून ओळखणं) आणि शब्द. स्लॅब गळतोय म्हणजे आतली सळई गंजली असणार, हे अनुमान. इमारतीच्या ऑडिटचा रिपोर्ट हे शब्दप्रमाण. पण या दर्शनाचा मूळ ग्रंथ म्हणजे गौतमाची न्यायसूत्रं, त्यांची अट अशी की शब्द आप्ताचा, म्हणजे विश्वासार्ह माणसाचा हवा. आमचा ऑडिटर बिल्डरनेच आणलेला! यावर तासभर गेला आणि तो वाया गेला असं मला वाटत नाही.

मग तुझी आई म्हणाली, सगळं पाडून बांधल्यावर ती आपली इमारत कशी? ग्रीक पुराणकथेतला वीर थीसियस, त्याच्या जहाजाच्या फळ्या एकेक करून बदलल्या, तेव्हा जहाज तेच राहिलं का, यावर तत्त्वज्ञांमध्ये वाद झाल्याचं प्लुटार्क या प्राचीन ग्रीक लेखकाने लिहिलंय. एखादी गोष्ट असते म्हणजे नेमकं काय, हे विचारणारं ते सत्ताशास्त्र. भाड्याने राहणाऱ्यांना सभेत मत नाही, त्यांनी जायचं कुठे, हे नीतिशास्त्र. त्यावर मात्र सगळे गप्प. काचेच्या दर्शनी भागावर मी नाक मुरडलं, त्याचंही शास्त्र आहे, सौंदर्यशास्त्र, पण ते तू मला शिकव.

तत्त्वज्ञानाच्या उगमाबद्दल म्हणशील तर तुझं पुस्तक इ.स.पू. सहाव्या शतकातल्या मिलेटस या ग्रीक नगरातल्या थेलीसपासून सुरू होत असेल. सगळ्याच्या मुळाशी पाणी आहे, हे त्याचं उत्तर आज कोणी धरत नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की त्याच गावचा, त्याच्या मागून आलेला अॅनाक्सिमँडर म्हणाला, पाणी नव्हे, मुळाशी काहीतरी अमर्याद आहे. मोठ्यांचं म्हणणं खोडायची मुभा असल्याशिवाय हा विषय उभाच राहत नाही. आपल्याकडे छांदोग्य उपनिषदात श्वेतकेतू बारा वर्षं शिकून ताठ्यात घरी येतो आणि बापच त्याला प्रश्न विचारून जमिनीवर आणतो. (दिवाळीत घाबरू नकोस.)

सोसायटीने स्वतःचा ऑडिटर नेमावा, असा अर्ज मी कमिटीला दिलाय. येताना न्यायसूत्रांच्या नोट्स आण, पुढच्या सभेला लागतील.

तुझा,
बाबा