बीट कोणाचा, तेही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ठाणे-नवी मुंबईतल्या अंडरग्राउंड रॅप जोड्यांवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. कळवा, मुंब्रा, घणसोली, तुर्भे इथली मुले पहिल्या स्टुडिओ अल्बमच्या तयारीला लागली आहेत आणि मराठी वृत्तपत्राने त्याची दखल घेतली, याचा मनापासून आनंद झाला. मात्र अख्ख्या लेखात बीट, म्हणजे रॅपखालचे संगीत, बनवणाऱ्या एकाचेही नाव नाही. दोघांचा म्हणून जो अल्बम येतो, तो निदान तिघांचा असतो. त्या तिसऱ्याला मोजले नाही की पुढे अल्बमचेच वांधे होतात.

दिल्लीच्या ‘सीधे मौत’ या जोडीचा पहिला अल्बम ‘बयान’ 2018 मध्ये आझादी रेकॉर्ड्सने काढला. संगीत सेझ ऑन द बीट यांचे. दोन रॅपरांचा ढंग वेगळा, तरी अल्बम एका हातचा वाटतो, कारण खालचा आवाज एका माणसाने घडवला आहे. आपल्याकडे बहुतेकदा दहा गाण्यांसाठी नेटवरून दहा जणांचे ‘टाइप बीट’ (एखाद्या गाजलेल्या कलाकाराच्या ढंगातले तयार बीट) उचलले जातात. एकाचा किक (ड्रमचा खालचा ठोका) जाड, दुसऱ्याचा बारीक, तिसरा आधीच मास्टर करून, म्हणजे शेवटचा हात फिरवून, कमाल पातळीला नेऊन ठेवलेला. त्यातही हातात असते ती एकच एमपी3 फाइल. तिच्यावर आवाज बसवायला गेले की जागाच सापडत नाही. शब्द स्पष्ट व्हावेत म्हणून बीटमधला 2 ते 4 किलोहर्ट्झचा पट्टा खाली घेतला तर स्नेअर ड्रमचीही धार जाते, कारण सगळे एकात गोठलेले. म्हणून बीट घेतानाच स्टेम मागावेत: किक, 808 (खोल बेसचा आवाज), स्नेअर, हायहॅट, मेलडी अशा सुट्या 24 बिटच्या वेव्ह फाइली, सगळ्या शून्यापासून सुरू होणाऱ्या, सारख्या लांबीच्या, नावातच टेम्पो आणि स्केल लिहिलेले.

दुसरी गोष्ट परवान्याची. स्वस्तातली लीज, म्हणजे बीट वापरण्याचा विकत घेतलेला परवाना, बहुधा सामायिक असते. तोच बीट आणखी कुणीही घेऊ शकतो आणि किती वेळा ऐकला जाईल यावरही मर्यादा असू शकते. अशा गाण्याची यूट्यूबच्या कंटेंट आयडीत (गाणे आपोआप ओळखून हक्काचा दावा लावणारी यंत्रणा) नोंद करायला बहुतेक लीज मनाई करतात. पण गाणी अ‍ॅपवर पोहोचवणाऱ्या वितरकाच्या अर्जात त्या नोंदीचा चौकोन असतो आणि न वाचता त्यावर टिक केली जाते. मग त्याच बीटवरच्या दुसऱ्या गाण्यांवर दावे जातात, उलट आपल्यावरही येतात. जुन्या कॅसेटवरच्या लावणीचा तुकडा लूप करायचा असेल तर परवानग्या दोन: एक गाण्याच्या शब्द-चालीची, दुसरी त्या ध्वनिमुद्रणाची. तुकडा दोनच सेकंदांचा आहे, या भरवशावर राहू नये.

1957 चा कॉपीराइट कायदा इथे नीट वाचण्यासारखा आहे. जो संगीत रचतो तो संगीतकार, मग त्याने ते नोटेशनमध्ये उतरवलेले असो वा नसो. म्हणजे लॅपटॉपवर बीट रचणारा मुलगा कायद्याच्या दृष्टीने संगीतकारच आहे आणि रॅप लिहिणारे दोघे गीतकार. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखीच द्यावे लागतात. त्या कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच. तेव्हा पहिल्या रेकॉर्डिंगच्या आधी प्रत्येक गाण्यासाठी अर्ध्या पानाचा कागद करावा: कोणी काय लिहिले, बीट कोणाचा, कोणाचा हिस्सा किती टक्के, तिघांच्या सह्या. गाणे चालल्यावर हा कागद करायला बसले की मैत्री तुटते. प्रत्येक ट्रॅकला मिळणारा 12 अक्षर-अंकांचा आयएसआरसी हा ओळख क्रमांकही त्याच कागदावर टिपून ठेवावा. वितरक बदलताना तोच क्रमांक दिला नाही तर आधीचे प्ले नव्या फाइलीला जोडले जात नाहीत.

आता स्टुडिओविषयी. आपल्या लेखात ‘तासावर स्टुडिओ घ्या’ असा सल्ला आहे. तो अर्धवट आहे. 90 बीपीएमवर (मिनिटाला 90 ठोके) 16 बार, म्हणजे चार-चार ठोक्यांची 16 आवर्तने, साधारण 43 सेकंदांत संपतात, पण जोडीच्या गाण्यात दोघांचा मुख्य टेक, डब (त्याच ओळी पुन्हा म्हणून जाड केलेला आवाज) आणि अ‍ॅडलिब (ओळींमधल्या आरोळ्या) धरले तर सहा ट्रॅक होतात, हूक (गाण्याचे धृपद) वेगळाच. श्वास कुठे घ्यायचा हे घरी ठरवून न आलेल्यांचा तास तिथेच जातो. जोड्यांची नेहमीची चूक म्हणजे एका माइकसमोर दोघांनी उभे राहणे. एकाची ओळ संपायच्या आत दुसरा उचलतो, ऐकायला जोश येतो, पण मिक्समध्ये, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र बसवताना, एकाला वर घेतले की दुसराही वर येतो. रेकॉर्डिंग वेगवेगळेच करावे आणि जोडीदाराचा टेक हेडफोनमध्ये ठेवावा. हेडफोन बंद कपांचा हवा, नाहीतर बीट माइकमध्ये झिरपतो.

घरच्या खोलीतही चांगला आवाज धरता येतो. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवून काही साधत नाही. ते फार तर वरची किणकिण थोडी कमी करतात, आणि आग लागली तर पेटतात. खोली डब्यासारखी वाजते ती 200 ते 500 हर्ट्झच्या आसपास. कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचेच धरणारा, माइक रॅपरच्या पाठीमागची भिंत ऐकतो, तेव्हा गादी माइकच्या मागे नव्हे, रॅपरच्या पाठीशी उभी करावी. तोंड आणि पॉप फिल्टर (माइकपुढची जाळी) यांत चार बोटे अंतर, माइक किंचित तिरका. ‘भ’ आणि ‘फ’चा वारा मग थेट आत जात नाही. पातळीचे शिखर उणे 10 डेसिबलच्या आसपास पुरे. लॅपटॉपची गुणगुण येत असेल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहावे. बहुतेक वेळा अर्थिंग नसलेला प्लग निघतो. पंखा बंद, मोबाइल एअरप्लेन मोडवर. लोकल, ठाणे-बेलापूर रस्त्यावरचे ट्रेलर आणि पत्र्यावरचा पाऊस यांच्यापुढे मात्र गादीचे काही चालत नाही. तिथे वेळच बदलावी लागते.

मास्टर किती मोठा करायचा, यावर फार वाद होतो. स्पॉटिफाय मुळातच गाणे उणे 14 लफ्सच्या (LUFS, सरासरी मोठेपणाचे माप) आसपास आणून वाजवते, त्यामुळे गाणे चेपून मोठे केले तरी ते खालीच ओढले जाते आणि चेपलेपण तेवढे उरते. ट्रू पीक (आवाजाचे खरे शिखर) उणे 1 डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये, आणि मिक्स मोबाइलच्या स्पीकरवर एकदा ऐकावा. 808 तिथे गायब होत असेल तर आवाज वाढवू नये, थोडे सॅच्युरेशन (हलकी विकृती) द्यावे, म्हणजे वरचे हार्मोनिक, त्याच सुराचे वरचे पडसाद, ऐकू येतात.

आपल्याला विनंती एवढीच, की पुढे अशा अल्बमचे परीक्षण छापाल तेव्हा शेवटी दोन ओळी द्या: शब्द, बीट, मिक्स, मास्टर कोणाचे. स्पॉटिफायवर गाण्याच्या क्रेडिट्समध्ये यातली काही नावे सापडू शकतात. तिथे नसतील तर ती जोडीलाच विचारावीत, आणि कलाकार लिहितो त्याच स्पेलिंगनुसार छापावीत.

आपला,
एक ध्वनिमुद्रक,
कळवा, ठाणे