आई-पप्पा, हे फोनवरच सांगायला हवं होतं

प्रिय आई आणि पप्पा,

प्रभू येशूच्या नावाने सप्रेम सलाम.

पत्र बघून घाबरू नका. मी धडधाकट आहे, जेवते, झोपते. फोनवर तीनदा सांगायला घेतलं, आणि तिन्ही वेळा आईने "जेवलीस का गं?" विचारलं की माझा धीर सुटला. म्हणून लिहिते. पप्पा, आधी तुम्ही वाचा, मग आईला मोठ्याने वाचून दाखवा. मधलं काही गाळू नका.

मी पुण्याचं हॉस्पिटल सोडलं. राजीनामा दिला, नोटीसचा महिना भरला, आणि आता अडीच आठवडे झाले, ओतूरजवळ एका छोट्या दवाखान्यात कामाला लागले आहे. पगार कमी आहे. त्याचं पुढे सगळं लिहिते.

पण त्याआधी दुसरं. मागच्या महिन्यात तरुण संघाच्या सभेत मला साक्ष द्यायला उभं केलं. नोकरी का सोडली ते मी सांगितलं. सगळे "प्रभूची स्तुती असो" म्हणाले, पाळकसाहेबांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. बाहेर येऊन चपला घालत होते, तेवढ्यात आईचा फोन आला. "आज ड्यूटी कुठली?" मी म्हणाले, "नाईट." आई, त्या दिवशी मला कुठलीच ड्यूटी नव्हती. मी खोटं वागणार नाही म्हणून टाळ्या घेऊन बाहेर आले आणि पहिल्याच वाक्याला तुझ्याशी खोटं बोलले.

पुढच्याच रविवारी इथल्या चर्चमध्ये मार्काचा सातवा अध्याय होता, "कुर्बान"चा. आईबापाला जे द्यायचं ते देवाला वाहिलं असं सांगून हात झटकणाऱ्यांना येशू बोलतो, तो भाग. मला वर बघवेना. ईस्टरला आले नाही तेव्हा मी तुम्हाला चर्चचं काम सांगितलं होतं. काम होतं, पण दोन दिवस निघाले असते. तुमच्या समोर बसले की पप्पा माझ्या चेहऱ्यावरून ओळखतील, ही भीती होती. मला माफ करा. फोनवर बरंच काही सांगितलं ते तसं नव्हतं.

आता काय झालं ते. ऑडिट जवळ आलं होतं. मागच्या महिन्याच्या फायली काढून त्यांतले रिकामे रकाने भरा, असं आम्हाला सांगितलं. ताप, नाडी, श्वास, बीपी, लघवीचं माप. पेशंट कधीच घरी गेलेले. त्यांची नाडी आता कोण मोजणार? अंदाजाने लिहायचं: ९८.४, ७८, १८, १२०/८०. पानंच्या पानं. मी म्हटलं, जे मी मोजलं नाही ते मी लिहिणार नाही. रकाना रिकामा आहे, तर रिकामा दिसू दे. मला कोणी काढलं नाही, हे पप्पा नीट लक्षात घ्या. पण मग ड्यूटीचा तक्ता बदलला, सलग नाईट लागल्या, बरोबरच्या मुली जेवायला वेगळ्या बसू लागल्या. त्यांचा राग नाही मला. प्रत्येकीच्या घरी कोणीतरी त्या पगारावर आहे.

तुम्ही म्हणाल, एवढं ताणायची काय गरज होती? आकडेच ते, ज्यांचे ते बरे होऊन गेलेले. म्हणून एक गोष्ट सांगते, जी साक्षीतही सांगितली नाही. मागच्या वर्षी मी स्वतः असा आकडा लिहिला होता, आणि तोही वॉर्डात असलेल्या पेशंटचा. एका आजी बेडवरून पडल्या, त्यांच्या धावपळीत शेजारच्या काकांचं दोनचं आणि चारचं रीडिंग राहिलं. पाचला मी दोन्ही रकान्यांत ९८.६ लिहून टाकलं. सहा वाजता काकांना १०३ ताप, दात वाजतायत. डॉक्टर चार्ट बघून म्हणाले, रात्रभर ताप नव्हता, म्हणजे आत्ताच चढलाय. मी मान हलवली. काका वाचले, आठ दिवसांनी घरी गेले, जाताना माझ्या हातावर पेढा ठेवला. तो पेढा मी खाल्ला नाही. कलस्सैकरांच्या पत्रातलं ते वचन आपल्या स्वयंपाकघराच्या दारावर कॅलेंडरमधून कापून लावलंय ना, जे काही बोलाल आणि जे काही कराल ते प्रभूच्या नावाने, त्याखाली मी वीस वर्षं चहा प्यायले आहे. पण चार्टच्या तळाशी मी सही करते तेव्हा त्या सहीच्या वर जे लिहिलंय तेही त्यातच येतं, हे त्या सकाळपर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मला वाटायचं की प्रभूचं नाव म्हणजे ड्यूटी सुरू होण्याआधीची प्रार्थना.

पप्पा, हे तुमच्याकडूनच आलंय, तर आता मला रागावू नका. शेवगावकडच्या शाळेत दिवाळी झाली की अर्धी पोरं आईबापाबरोबर ऊसतोडीला जायची. बाकीचे मास्तर हजेरीपटावर त्यांना हजर मांडायचे, पट कमी दिसला तर तुकडी जाईल म्हणून. तुम्ही लाल शाईने गैरहजेरी मांडायचात, आणि रविवारी उपासना झाली की सायकल काढून मुकादमाला विचारत फिरायचात, कुणाचं पोर कुठल्या कारखान्यावर गेलंय. तुम्ही म्हणायचात, पोरगं नाही हे कागदावर दिसलं नाही तर त्याला आणायला जाणार कोण? मी तेव्हा सायकलच्या दांड्यावर बसलेली असायचे. मला वाटायचं, आपण फिरायला चाललोय.

आणि तो फॉर्म. बारावीनंतरचा. मी तुमच्याशी पंधरा दिवस बोलले नव्हते. काकांच्या मुलांना फीची सवलत मिळाली, आणि मला नाही, कारण तुम्ही धर्माच्या रकान्यात ख्रिस्ती लिहिलं आणि त्यापुढे काहीही वेगळं लिहू दिलं नाही. ख्रिस्ती झालेल्या दलितांना अनुसूचित जातीत न धरणाऱ्या १९५० सालच्या त्या आदेशाबद्दल मला तेव्हा काही माहीत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की आईच्या बांगड्या गेल्या. आता कळतं की तो कायदाच आपल्याला न्याय देत नाही. गावाने विहिरीवर आजोबांना वेगळं वागवलं ते जात बघून, धर्म विचारून नव्हे. आणि काकांनाही मी नावं ठेवणार नाही, चार मुलं शिकवायची होती त्यांना. पण तुम्ही त्या रात्री एकटे ओट्यावर बसला होतात, आणि मी खिडकीतून बघूनही बाहेर आले नाही, हे मला अजून टोचतं. मिरजेला शिकायला गेले ते त्या बांगड्यांवर. आई, एक बांगडी तरी करून देईन म्हणाले होते. ते थोडं लांबलं. विसरले नाही.

हे ऐकल्यावर तुम्ही आपल्या कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं काढाल, त्यांनी १९१७ साली मिशनचं काम सोडून साताऱ्याला देवाचा दरबार मांडला ते. तसं नको, पप्पा. पाळकसाहेबांनाही तसं सांगू नका. मी एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात गेले आहे, एवढंच. त्यापेक्षा मला केडगाव जास्त आठवतं. पुण्याला जाताना दौंड सोडलं की तुम्ही मला खिडकीशी बसवायचात आणि सांगायचात, इथे पंडिता रमाबाईंनी दुष्काळातल्या मुली आणल्या, आणि त्याच मुलींनी पुढे मराठी बायबल छापायचे खिळे जुळवले. कोणी दळत होती, कोणी विणत होती, कोणी खिळे लावत होती. मी विचारलं होतं, एखादा खिळा उलटा लागला तर? तुम्ही म्हणालात, तर ती बाई पान पुन्हा जुळवायची. ते उत्तर माझ्यापाशी राहिलं आहे.

आता पैशांचं. तिकडे २९,००० मिळायचे, इथे २१,००० मिळतात. पण तिथे खोलीचे ६,००० जायचे आणि बसचे वेगळे. इथे आवारातच खोली आहे, फुकट. म्हणजे फरक वाटतो तेवढा नाही, मी वहीत मांडून बघितलंय. तुम्हाला ८,००० पाठवायचे, ते आता काही महिने ६,००० पाठवीन. स्लॅबची गळती यंदा काढायची होती, ते पुढच्या उन्हाळ्यावर गेलं. हे लिहिताना मला सगळ्यात जड जातंय. ताडपत्री पाठवली आहे, दादाला शनिवारी वर चढून बांधायला सांगा. पप्पा, तुम्ही शिडीवर चढायचं नाही. पिठाचा डबा त्या कोपऱ्यातून काढून फडताळात ठेवा.

खोली चांगली आहे, आई. दाराला आतून कडी आणि वरून खिटी दोन्ही आहे. बरोबर नाशिककडची एक सिस्टर आहे, नीट वागणारी. आंघोळीला बंबाचं पाणी, कडकडीत. मच्छरदाणी आहे. मेसमध्ये आमटी जरा पातळ असते, पण भाकरी गरम मिळते, आणि तू दिलेली शेंगदाण्याची चटणी अजून पुरतेय. बारा बेडचा वॉर्ड आहे, म्हणजे रात्री प्रत्येकाचा ताप मी खरोखर घेऊ शकते. परवा एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, रात्रीतून चार वेळा का उठवतेस? मी म्हटलं, बाबा, लिहायचं असतं. ते हसले आणि हात पुढे केला. आळेफाट्यावरून नगरची एसटी मिळते, म्हणजे घर काही फार लांब गेलं नाही.

रात्री झोप आली नाही की मी अजून तुझं तेच करते, आई, कपाळावर बोट फिरवत प्रभूची प्रार्थना हळूहळू म्हणायची. "आमची रोजची भाकर"पर्यंत पोचायच्या आधी लहानपणी मी झोपलेली असायचे. आता पूर्ण होते, दोनदाही होते. तुझ्या पदराला फोडणीचा वास यायचा. तो इथे नाही.

आता माझं ऐका. मी खरं सांगितलं, आता तुम्हीही सांगायचं. आई, शेजारच्या मावशींनी मला फोन केला होता. त्यांना बोलू नकोस, त्यांनी काळजीपोटी केला. तू मला उपाशीपोटीची साखर १४० सांगितलीस, ती २४० होती. मला काळजी नको म्हणून तू आकडा बदललास, हे मला कळतं. मीही त्याच कारणाने नाईट म्हणाले होते. पण मी इथे बसून तुझी गोळी कमी करायची की वाढवायची याचा विचार त्या आकड्यावरून करत होते.

तर एक वही घाल. तारीख, वेळ, उपाशी की जेवून, आणि मशीनवर दिसेल तोच आकडा. एखाद्या दिवशी बघितली नाही तर रकाना रिकामा ठेव, रागावणार नाही. तीन महिन्यांची साखर या आठवड्यात तपासून घे, पैसे दादाकडे दिलेत. घाम सुटला, हात थरथरले तर आधी साखरपाणी घे, मग फोन कर. उपवास-प्रार्थनेच्या दिवशी पूर्ण उपास करायचा नाही. पाळकसाहेबांशी मी बोलले आहे, तेही हेच म्हणाले. रात्री पायांचे तळवे पप्पांनी बॅटरी घेऊन बघायचे, तुला वाकता येत नाही. पप्पा, तुमच्या डोळ्याचे थेंब संपेपर्यंत घालायचे, बरं वाटलं म्हणून थांबवायचे नाहीत, आणि बीपीची गोळी नाश्त्यानंतर. दादाशी माझ्या नोकरीवरून भांडू नका, त्याला मी आधी सांगितलं नव्हतं.

राग आला असेल तर तो फोनवर बोला, मनात ठेवू नका. मी रविवारी उपासना झाल्यावर साडेअकराला फोन करते. आई, वही हातात घेऊन बस.

तुमची,
बेबी