नापास फोटोंचीही दखल घ्यावी

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

कोल्हापूर शहरातले जुने फोटो स्टुडिओ बंद होतात, तेव्हा गिऱ्हाइकांनी पसंत करून नेलेले फोटो घरोघरच्या अल्बमांत शाबूत राहतात. पण हललेले, डोळे मिटलेले, अंधारे म्हणून बाजूला टाकलेले फोटो आणि त्यांच्या निगेटिव्ह थेट रद्दीत जातात. कृष्णधवल फिल्ममध्ये चांदीचा अंश असल्याने भंगारात तिला गिऱ्हाईकही मिळते.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह आगीत सापडले. त्यानंतर, राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेली ही वास्तू आतून नेमकी कशी होती हे दाखवणारे फोटो मी घरात शोधू लागलो, तेव्हा कामी आला तो शाळेच्या स्नेहसंमेलनाचा एक नापास फोटो. फ्लॅश नीट न पडल्याने नाचणाऱ्या मुली निम्म्या अंधारात आहेत; मात्र पडद्याची झालर, बाजूच्या भिंतीचा कोपरा आणि विंगेत वही घेऊन उभ्या असलेल्या बाई स्वच्छ दिसतात. त्याच दिवसाच्या 'चांगल्या' फोटोंत केवळ चेहरे आहेत, नाट्यगृह कुठेच नाही. (त्या चेहऱ्यांपैकी निम्म्यांची नावे आज कोणालाच सांगता येत नाहीत, हा भाग वेगळा.)

शिवाय त्या काळी फोटो छापण्याच्या ब्रोमाइड कागदावर न उतरलेले बारकावे आता फिकट निगेटिव्हच्या स्कॅनिंगमधून बऱ्याच अंशी मिळवता येतात. २०१९ च्या महापुरात भिजलेले फोटो तर अनेकांनी चिखलासकट फेकले. वास्तविक फोटोवरचा जिलेटिनचा थर ओला असेपर्यंत चिकटलेले फोटो स्वच्छ थंड पाण्यात ठेवून हळूहळू सोडवता येतात व सावलीत वाळवता येतात. एकदा ते तसेच वाळले, की ओढताना चित्र फाटून येते. व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारी फिल्म मात्र इतरांपासून वेगळी ठेवावी.

महानगरपालिका आणि शिवाजी विद्यापीठाने मिळून असे टाकाऊ समजले गेलेले फोटो व निगेटिव्ह नागरिकांकडून मागवून, स्कॅन करून मूळ प्रती परत देण्याची व्यवस्था करावी, ही विनंती. घरच्या ज्येष्ठांना विचारून फोटोमागे मऊ शिसपेन्सिलीने नाव, ठिकाण आणि साल लिहूनच ते द्यावेत. बॉलपेनने लिहू नये, कारण त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. कौटुंबिक फोटो प्रसिद्ध करण्यापूर्वी त्या घराची लेखी संमती घेण्याची अटही त्यात असावी.

आपला,
एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर