विषय: कुत्र्याच्या ॲलर्जीची टेस्ट म्हणून पैसे घेऊन भलतीच टेस्ट केल्याबद्दल

नमस्कार,

तुमच्या कस्टमर केअरला दोनदा फोन करून झाला, दोन्ही वेळा "मॅडम तुमची कंप्लेंट रजिस्टर झालीये" एवढंच, म्हणून आता सगळं लिहूनच पाठवतेय. कृपया पूर्ण वाचा, ठरलेलं उत्तर चिकटवून पाठवू नका.

माझी मुलगी 9 वर्षांची. दिवाळीपासून रोज सकाळी अंथरुणातून उठायच्या आधीच दहा-बारा शिंका, नाक गळतंय, डोळे चोळून चोळून लाल. घरात ढब्बू आहे, गावठी कुत्रा, पिल्लू असताना सोसायटीच्या गेटवरून उचलून आणलेला, त्यामुळे साहजिकच सगळ्या नातेवाइकांचं बोट त्याच्याकडे. म्हटलं अंदाजपंचे नको, टेस्टच करून टाकू. तुमच्या ॲपवर 'पेट ॲलर्जी टेस्ट - डॉग' असं ठळक लिहिलेलं पॅकेज दिसलं, 2,499 रुपये, घरी येऊन सॅम्पल नेणार आणि वर फोनवर कन्सल्टेशन फ्री.

बुकिंग झाल्यावर मेसेज आला की सात दिवस सेटिरिझिन (तिचं ॲलर्जीचं औषध) बंद ठेवा. ठेवलं. त्या आठवड्यात पोरगी रात्री दोन-दोन वाजता उठून बसायची, खाज आणि नाक बंद. नंतर कळलं की औषध बंद करावं लागतं ते स्किन टेस्टसाठी, रक्ताच्या आयजीई टेस्टला (आयजीई म्हणजे ॲलर्जीत रक्तात वाढणारं एक प्रोटीन) त्याने काहीच फरक पडत नाही! म्हणजे तो आठवडा तिने उगाच काढला.

मग रिपोर्ट आला, त्यात एकच ओळ. टोटल आयजीई 612, पुढे लाल अक्षरात 'हाय'. बस. डॉग हा शब्द फक्त वर पॅकेजच्या नावात. तुमच्या कन्सल्टंटनी फोनवर सांगितलं, "कुत्र्याचीच ॲलर्जी आहे, आठ दिवस बाहेर ठेवून बघा, लगेच फरक दिसेल, आणि पाळायचाच असेल तर कमी केस गळणारी जात घ्या." लगोलग एअर प्युरिफायरचं कूपन. आम्ही ढब्बूला वाईला माझ्या भावाकडे सोडून आलो, गाडी निघाली तेव्हा तो मागच्या काचेला नाक लावून बसला होता आणि ही मागे रस्त्यात उभी राहून रडतेय. आठ दिवस झाले, पंधरा झाले, शिंका जशाच्या तशा.

शेवटी ॲलर्जीच्या डॉक्टरांकडे गेलो. रिपोर्ट उलटून पालटून बघत ते म्हणाले, यात कुत्रा कुठाय? टोटल आयजीई दम्यात वाढतं, पोटात जंत असले तरी वाढतं, कशामुळे वाढलंय ते त्यातून कळत नाही, कुत्र्यासाठी वेगळी स्पेसिफिक आयजीई करावी लागते. मग परत आठवडाभर औषध बंद करून (हो, पुन्हा!) त्यांनी स्किन प्रिक टेस्ट केली. हातावर पेनाने आकडे घातले, प्रत्येक आकड्याशेजारी एकेक थेंब, त्यावर बारीक टोचणी, आणि पंधरा मिनिटं खाजवायचं नाही म्हणून ही घड्याळाकडे बघत दात आवळून बसलेली. धुळीतल्या माइटला (डोळ्यांना न दिसणारा बारीक किडा) 8 मिलिमीटरची गांधी, झुरळाला 5, कुत्र्याला 3.

आता तुम्ही म्हणाल, बघा कुत्रा पण पॉझिटिव्ह निघाला. निघाला, जेमतेम, पण ते तुम्ही तपासलंच नव्हतं ना! आणि डॉक्टरांनी विचारलं तसं तुमच्या माणसाने एकदा तरी विचारलं का, की शिंका नेमक्या कधी येतात? तिला येतात गादीवर, ढब्बूशी खेळताना नाही. कुत्र्याची ॲलर्जी नुसत्या केसांची नसते, त्याच्या लाळेतल्या आणि कातडीच्या कोंड्यातल्या प्रोटीनची असते, त्यामुळे कमी केसांची जात आणली म्हणून सुटका नाही. आणि तो कोंडा सोफ्यात, पडद्यांत महिनोन्महिने राहतो, त्यामुळे तुमच्या आठ दिवसांच्या प्रयोगातून काही कळणारच नव्हतं.

आता रोज नाकाचा स्प्रे, गादी-उशांना माइटची कव्हरं, चादरी दर आठवड्याला गरम पाण्यात, परत आणलेल्या ढब्बूला बेडरूमबंदी, त्याला विंचरायचं काम बाबाकडे आणि तेही गॅलरीत. पोरगी सकाळी शाळेच्या बसला वेळेवर जातेय.

मला 2,499 रुपये परत हवेत, औषध बंद करायला का सांगितलं याचं लेखी उत्तर हवंय, आणि टोटल आयजीईला 'डॉग टेस्ट' म्हणून विकणं बंद करा. पंधरा दिवसांत काही झालं नाही तर 1915 वर कन्झ्युमर हेल्पलाइनला रिपोर्ट आणि पावतीसकट तक्रार करणार आहे.

तुमची एक वैतागलेली ग्राहक,
चिंचवड

ता.क. प्युरिफायरचे मेसेज अजून येतायत, आज सकाळपासून तीन आले. तेवढे तरी आजच बंद करा.