पिट्सबर्गचं जुनं कोर्ट

प्रिय आई-बाबा,

आई, बीपीच्या गोळ्या वेळेवर घे गं, आणि थंडी वाढली असेल तर पहाटे फिरायला जाऊ नकोस.

बाबा, पुढचं तुमच्यासाठी. आयुष्यभर पीडब्ल्यूडीत काढलंत म्हणून तुम्हालाच हे सांगावंसं वाटतं. इथलं पिट्सबर्गमधलं अ‍ॅलेगेनी काउंटीचं, म्हणजे आपल्या भाषेत जिल्ह्याचं, कोर्ट माझ्या ऑफिसजवळ आहे, जेवणाच्या सुट्टीत मी बरेचदा तिथे जाऊन बसतो. आधीचं कोर्ट १८८२ ला जळालं, मग पाच आर्किटेक्टकडून डिझाइन मागवली आणि हेन्री हॉब्सन रिचर्डसनचं पास झालं. सगळं काम ग्रॅनाइटचं, दगडाचं तोंड मुद्दाम खडबडीत ठेवलंय, दारं-खिडक्यांना गोल कमानी, आणि एवढं सगळं वजनदार असूनही कुठे बोजड वाटत नाही.

मला सगळ्यात आवडतो तो मधला चौक. आपल्या वाड्यासारखाच, चारही बाजूंच्या खोल्यांना उजेड आणि वारा मिळतो. तेव्हा हे पोलादाच्या कारखान्यांचं गाव, हवेत नुसती काजळी, म्हणून रिचर्डसनने काय केलं तर उंच टॉवरचा वापर धुराच्या वरची स्वच्छ हवा आत खेचायला केला! १८८० च्या दशकात! दिसायला देखणं आणि कामालाही येणारं, तुम्ही नेहमी म्हणता तसं.

मागच्या बाजूला त्यानेच बांधलेलं जेल आहे आणि दोन्हीला जोडणारा रस्त्यावरून जाणारा दगडी पूल, व्हेनिसच्या एका प्रसिद्ध पुलावरून कल्पना घेतलेला, कैद्यांना त्यावरूनच कोर्टात न्यायचे. जेल १९९५ ला बंद झालं पण पाडलं नाही, आतून बदलून तिथे फॅमिली कोर्ट केलंय, हे मला फार बरं वाटलं.

वाईट एवढंच की रिचर्डसनला हे पूर्ण झालेलं बघायला मिळालं नाही. किडनीच्या आजाराने १८८६ मध्ये गेला, फक्त ४७ वर्षांचा होता, मग त्याच्या हाताखालच्या लोकांनी १८८८ मध्ये काम संपवलं.

आणि अजून एक, १९१३ च्या सुमारास शहराने समोरचा चढ कापून ग्रँट स्ट्रीट खाली घेतला, त्यामुळे मूळचा दरवाजा वरच राहिला आणि आता लोक आत शिरतात ते पूर्वीच्या तळघरातून. बाबा, उभ्या इमारतीच्या पुढची एवढी जमीन काढायची तर पायाची काळजी कशी घेत असतील? रविवारी फोनवर नीट समजावून सांगा, फोटो आजच पाठवतो.

तुमचा,
मन्या