हद्द बदलली तरी आदेश तोच: एडिनबराहून ताईला

एडिनबरा, रविवार

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तू विचारलंस, की जिल्ह्याचं विभाजन झालं तर परिविक्षेखालच्या (प्रोबेशनवरच्या, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडलेल्या) माणसांचं, त्यांच्या आदेशांचं आणि आपल्या मूठभर अधिकाऱ्यांचं काय करायचं, आणि इकडे असं कधी घडलंय का. घडलंय, आणि एकाच दिवशी सगळ्या देशात घडलंय. फोनवर ते सांगून होणारं नाही, म्हणून लिहून पाठवतो. ऑफिसातल्या मंडळींना वाचायला द्यायला हरकत नाही.

आधी इकडची रचना सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. स्कॉटलंडमध्ये परिविक्षेचं वेगळं खातं नाही. १९६८ च्या सोशल वर्क कायद्याने जुनी प्रोबेशन सेवा कौन्सिलच्या (इकडच्या स्थानिक स्वराज्य संस्थेच्या) सोशल वर्क खात्यात विलीन केली. शिक्षेआधी कोर्टाला अहवाल देणं, कोर्टाच्या आदेशाखालच्या माणसावर देखरेख ठेवणं, शिक्षा म्हणून दिलेल्या विनामोबदला समाजसेवेचे तास भरून घेणं आणि तुरुंगातून सुटलेल्याचा पाठपुरावा करणं, हे सगळं कौन्सिलचंच काम. पैसा मात्र १९९१ पासून शंभर टक्के सरकारचा. तो दुसरीकडे वळवता येत नाही आणि त्याच्यासोबत राष्ट्रीय मानकं येतात: पहिली भेट किती दिवसांत, अहवाल कधी, नियम मोडला तर काय. म्हणजे काम स्थानिक, पैसा आणि नियम वरचे, आणि हुकूम कोर्टाचा. असे तीन धनी असताना हद्द बदलली, की ओढाताण ठरलेलीच.

स्थानिक कारभाराच्या १९९४ च्या कायद्याने १९७५ पासूनची नऊ रीजन (मोठ्या प्रदेशांची कौन्सिलं) आणि त्यांच्या आतली ५३ डिस्ट्रिक्ट कौन्सिलं मोडली. बेटांची तीन कौन्सिलं होती तशी ठेवून एकूण ३२ कौन्सिलं झाली. नव्यांच्या निवडणुका एप्रिल १९९५ मध्ये झाल्या, एक वर्ष ती नुसती तयारी करत होती, आणि १ एप्रिल १९९६ ला कारभार त्यांच्या हाती आला. फाइफ आणि हायलँडच्या हद्दी जवळपास तशाच राहिल्या, तिथे त्रास कमी. खरा पेच स्ट्रॅथक्लाइडचा. देशाची जवळजवळ निम्मी लोकसंख्या त्या एका रीजनमध्ये होती आणि त्याचे बारा तुकडे झाले. लोदियनचे चार झाले, सेंट्रलचे तीन.

ताई, सगळ्यात महत्त्वाचं हे, की हद्द फक्त कौन्सिलची बदलली. शेरिफ कोर्टं (इकडची स्थानिक कोर्टं, शेरिफ म्हणजे तिथला न्यायाधीश) आपल्या जागी राहिली, त्यांचे सहा विभाग तेच राहिले, तुरुंग तेच. स्ट्रॅथक्लाइड पोलीसही बारा कौन्सिलांवर एकच दल म्हणून पुढे २०१३ पर्यंत चाललं. लॅनार्कशायरचं बघ. मदरवेल आणि हॅमिल्टन ही शेजारशेजारची गावं. मदरवेल नॉर्थ लॅनार्कशायरमध्ये गेलं आणि त्या कौन्सिलचं मुख्यालयही तिथेच. हॅमिल्टन साऊथ लॅनार्कशायरमध्ये, त्यांचं मुख्यालय तिथे. पण मदरवेलच्या माणसाचा खटला हॅमिल्टनच्या शेरिफ कोर्टात चालतो. म्हणजे आरोपी एका कौन्सिलचा, कोर्ट दुसऱ्या कौन्सिलच्या दारात, आणि कोर्टात बसणारा समाजकार्यकर्ता या दुसऱ्या कौन्सिलचा नोकर. नॉर्थ लॅनार्कशायरच्याच एअर्ड्रीच्या माणसाचं कोर्ट मात्र एअर्ड्रीत. एका कौन्सिलला दोन कोर्टं आणि एका कोर्टाला दोन कौन्सिलं.

याने बिघडतं काय, तर पहिला फटका अहवालाला. आरोपी कोठडीत असेल तर अहवालासाठी कोर्टाला तेव्हा फार तर तीन आठवड्यांची तारीख देता यायची, जामिनावर असेल तर साधारण चार. अहवाल सुनावणीच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत कोर्टात हवा. त्या एकवीस दिवसांत मागणीचा कागद कोर्टातून योग्य टीमकडे जायचा, माणसाची गाठ घ्यायची (तो तुरुंगात असेल तर तिथे जाऊन), घरच्यांशी बोलायचं, जुनी फाइल काढायची, लिहायचं, टाइप करायचं. कागद चुकीच्या कौन्सिलकडे गेला आणि तिथून परत फिरला, की चार-पाच दिवस गेलेच. मग कोर्ट अहवालाविना पुढची तारीख देतं आणि माणूस कोठडीत आणखी राहतो. दिरंगाई आपली, भोगतो तो. म्हणून मी तरी विभाजनाच्या यादीत कोर्टाचा कक्ष सगळ्यात वर ठेवीन. उपाय साधा आहे: ज्याच्या हद्दीत कोर्ट, त्याने सगळ्यांसाठी कोर्टातला माणूस ठेवायचा आणि बाकीच्यांनी कामाच्या प्रमाणात खर्च द्यायचा. पण हे लेखी, रकमेसकट, आधी ठरायला हवं. तुरुंगातल्या समाजकार्याचंही तसंच. फॉल्कर्कमध्ये पोलमाँटचा तरुण गुन्हेगारांचा तुरुंग आहे, पण तिथले तरुण देशभरचे असतात.

दुसरी गोष्ट यादीची. चालू असलेल्या प्रत्येक आदेशाची एक ओळ हवी: नाव, जन्मतारीख, आजचा राहता पत्ता, आदेश देणारं कोर्ट, आदेशाची तारीख आणि मुदत, खास अटी, झालेले तास, दिलेल्या ताकिदी, कोर्टाची पुढची तारीख, आणि शेवटी दोन नावं, आजचा अधिकारी आणि उद्याचा अधिकारी. पत्ता आदेशावरचा घेऊ नये. ही माणसं घरं बदलतात, आदेशावरचा पत्ता वर्षभरापूर्वीचा असतो आणि विभागणी त्यावर केली तर निम्मं दप्तर भलतीकडे जातं. यादी महिनाभर आधी करायची आणि शेवटच्या आठवड्यात पुन्हा ताडायची. १ एप्रिल १९९६ हा सोमवार होता. शुक्रवारी २९ मार्चला संध्याकाळी कोर्टाने केलेला आदेश कोणत्या यादीत? जुन्या ऑफिसात कागद पोचतो तेव्हा ते ऑफिस उरलेलं नसतं, नव्याला खबर नसते, आणि पहिल्या भेटीची मुदत तर सुरू झालेली असते. दोन घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण अशा माणसाला तंतोतंत लागू पडते. त्या शेवटच्या आठवड्यासाठी कोर्टात रोज संध्याकाळी नवे आदेश गोळा करणारा एक माणूस नेमावा.

बंद फायलींकडे कुणाचं लक्ष जात नाही. जन्मठेपेवरून लायसन्सवर (म्हणजे अटींवर) सुटलेला माणूस इकडे आयुष्यभर लायसन्सवर असतो, त्याची देखरेख थांबली तरी त्याला परत तुरुंगात बोलावता येतं. मुलांविरुद्धच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्यांच्या नोंदीही दहा वर्षांनी लागू शकतात. अशा फायली वेगळ्या काढून सहीनिशी सुपूर्द कराव्यात. बाकी बंद दप्तर कुठल्या गोदामात आहे हे लिहून ठेवलं तरी पुरतं.

समाजसेवेच्या शिक्षेचं काम जवळून बघितलंस तर कळेल, विभाजनात काय काय तुटतं. एक व्हॅन, एक देखरेख करणारा, पाच-सहा माणसं, मागे कुदळी, गवत कापायची यंत्रं, रंगाचे डबे, हातमोजे आणि हजेरीचं पुस्तक. काम बहुधा आठवड्याचं एकदाच, पुष्कळदा शनिवारी. आता व्हॅन एका कौन्सिलची झाली, देखरेख करणारा दुसरीत गेला, हत्यारं ठेवायची शेड तिसरीत राहिली, तर त्या शनिवारी काम बंद. माणसाचा दोष नसताना त्याचे तास पडून राहतात, मुदत मात्र चालूच. म्हणून वाहन, चालक आणि शेड एकत्रच द्यावीत, कुणाला कमी-जास्त मिळालं तर पैशात फेड करावी. तासांचं पुस्तक तर जिवापाड जपावं. २४० तासांतले १६३ झाले असतील तर त्या आकड्यावर माणसाची आणि दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांची सही हवी, नाहीतर पुढे कोर्टात वाद ठरलेला. नियमभंगाच्या प्रकरणांतही हाच धोका. ज्याने ताकिदी दिल्या तो अधिकारी बदलून गेलेला असतो, आणि साक्ष त्याचीच लागते. नव्या साहेबाने त्याला त्या दिवशी सोडायचं, एवढं एक वाक्य करारात घालून ठेवावं.

लहान कौन्सिलांचं दुखणं निराळं. क्लॅकमॅननशायरची वस्ती तेव्हा पन्नास हजारांच्या आत. तिथे अहवाल लिहिणारी चार माणसं ठेवता येतील, पण लैंगिक गुन्हेगारांचा गट चालवायला प्रशिक्षित जोडी, बायकांसाठी वेगळी सोय, रजेवर गेलेल्याच्या जागी उभा राहणारा माणूस, हे कुठून आणणार? रीजनच्या काळात असे तज्ज्ञ सगळ्यांना मिळून असायचे. तुकडे झाल्यावर ते ज्या ऑफिसात बसत होते तिथलेच झाले. शिवाय १९९४ च्या कायद्याने सोशल वर्क संचालक असलाच पाहिजे ही अट काढली आणि मुख्य समाजकार्य अधिकारी नेमायला सांगितलं. काही ठिकाणी हे खातं गृहनिर्माणाला जोडलं गेलं, आणि कोर्टाचं काम जाणणारा माणूस तिसऱ्या पायरीवर गेला. शेरिफने कुणाला फोन करायचा हेच ठरेना, तर विश्वास कसा टिकणार?

पैशाची वाटणी लोकसंख्येवर करू नये, एवढंच सांगतो. अहवाल आणि आदेश यांची मागच्या तीन वर्षांची संख्या घ्यावी, आणि लहान ऑफिसाला ठरावीक किमान रक्कम आधी द्यावी.

पुढे काय झालं? २००२ मध्ये कौन्सिलांचे गट करून हे काम पुन्हा जवळ आणलं. मग २००५ च्या कायद्याने आठ कम्युनिटी जस्टिस ऑथॉरिटी (अनेक कौन्सिलांचं हे काम जुळवणाऱ्या संस्था) केल्या, २००७ पासून अनुदान त्यांच्यामार्फत गेलं, आणि ३१ मार्च २०१७ ला त्याही बंद झाल्या. जी जुळणी विभाजनाच्या आधी लेखी करून घ्यायची, ती नंतर वीस वर्षं निरनिराळ्या नावांनी करावी लागली असं माझं स्पष्ट मत आहे. शेजारच्या इंग्लंडने तर २०१४ मध्ये नकाशाऐवजी माणसांचीच वाटणी केली, जास्त जोखमीचे सरकारकडे, बाकीचे कंपन्यांकडे. २०२१ मध्ये ती मोडून सगळं पुन्हा एकत्र करावं लागलं.

आता तुझं. आपल्याकडच्या १९५८ च्या परिविक्षा कायद्यात तुला एक मोठी सोय आहे आणि एक अडचण. अडचण अशी, की कलम ४ खालच्या देखरेखीच्या आदेशात अधिकाऱ्याचं नाव असतं. जिल्हा फुटून तो अधिकारी पलीकडे राहिला, तर कागदावर जबाबदार तोच. सोय कलम १३ मध्ये आहे: आदेश देणारं कोर्ट किंवा माणूस जिथे राहतो तिथला जिल्हा दंडाधिकारी त्याच्या जागी दुसरा अधिकारी नेमू शकतो, आणि अधिकारी काम करतो तेही त्याच जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या नियंत्रणाखाली. म्हणजे नव्या जिल्हाधिकाऱ्यांच्या (तेच जिल्हा दंडाधिकारी) टेबलावर पहिल्याच दिवशी सगळ्या चालू आदेशांची यादी आणि बदलीच्या नेमणुकीचा तयार मसुदा हवा. ठाण्यातून पालघर वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. त्या वेळी हे काम कुणी केलं, कोणते कागद निघाले, ते तुझ्या खात्यातल्या जुन्या मंडळींना विचार. मसुदे मिळाले तर अर्धं काम झालं. आकृतिबंधात (खात्याच्या मंजूर पदांच्या तक्त्यात) नव्या जिल्ह्याची पदं मंजूर व्हायला वेळ लागणार, तोवर अतिरिक्त कार्यभार कुणाकडे आणि कोणत्या वारी तो नव्या ठिकाणी बसणार, हे आदेशातच लिहून घे. तुझ्या मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तेवढं पत्र जाऊ दे.

भारतीय न्याय संहितेत १ जुलै २०२४ पासून समाजसेवेची शिक्षा आली आहे. तुझ्याकडे तसे आदेश आले असतील तर कामाची जागा, देखरेख करणारा आणि तासांची वही या तिन्ही गोष्टी एकाच जिल्ह्यात राहतील असं बघ. चालू आदेशांच्या यादीच्या नमुना तक्त्याची एक्सेल फाइल उद्या व्हॉट्सअॅपवर टाकतो. मराठी रकाने मी घातलेत, तुमच्या नोंदवहीप्रमाणे नावं बदलून घे.

आई-बाबांना सा. न., भाओजींना नमस्कार, पिंटूला आशीर्वाद. आईच्या गुडघ्याचं डॉक्टर काय म्हणाले ते कळव.

तुझा,
धाकटा