अंगण पाहिलंत, घर राहिलं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी एसटीत ३१ वर्षं वाहक होतो, बहुतेक ड्युट्या राजापूर तालुक्यातच. दिवाळीत पुतण्या पुण्याहून चार मित्रांना घेऊन आला. तीन दिवस आंबोळगडची पुळण (वाळूचा किनारा) आणि सुरमईचं ताट. चौथ्या दिवशी बॅगा भरून म्हणतो, "काका, सगळं बघून झालं." म्हटलं, अरे, अंगण पाहिलंत, घर कुठे पाहिलंत? नदी धरून वर चला.

अर्जुना नदी सह्याद्रीतून उतरते, राजापूरवरून जैतापूरच्या खाडीला लागते. एके काळी गलबतं थेट राजापुरापर्यंत येत आणि पुढे बैलांच्या पाठीवर माल अणुस्कुरा घाट चढे. इंग्रजांनी १६४९ साली राजापुरात वखार घातली ती उगाच नव्हे. १६६१ मध्ये महाराजांनी ती लुटली. मग खाडी गाळाने भरली, बंदर मेलं. पुतण्याला राजापूर म्हणजे हायवेवरचा चहाचा थांबा, एवढंच माहीत!

मग निघालो: नाटे गावचा यशवंतगड किल्ला, कशेळीचं कनकादित्याचं सूर्यमंदिर, धूतपापेश्वराचं शंकराचं देऊळ, पुढे ओणी-पाचलवरून घाटमाथा. एका दिवसात झालं, जेवण तेवढं चुकलं.

पण पत्र लिहितोय ते कातळशिल्पांसाठी. कशेळीच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, जांभ्यात कोरलेला सुमारे १८ मीटरचा हत्ती आहे आणि त्याच्या पोटात मासे, पक्षी, जनावरं. पोरं अर्धा तास गप्प होती. २०२२ पासून ही शिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. त्याच दिवशी दुसऱ्या एका सड्यावर (नाव मुद्दाम देत नाही, उद्या तिथेच गर्दी व्हायची) एक मंडळी शिल्पाच्या रेघांत खडू भरत होती. का, तर फोटोत उठून दिसावं! मी बोललो, तर मलाच विचारलं, "तुमची जागा आहे का?" जागा माझी नव्हती, खरं आहे.

आपल्या पुरवणीत किनाऱ्यांच्या याद्या येतात, तशी ही वाटही छापा. सोबत एवढंही सांगा की गावातला माणूस बरोबर घ्या, त्याला त्याचे पैसे द्या आणि गाडी डांबरी रस्त्यावरच ठेवा. पावसानंतर सड्यावर गवत गुडघाभर असतं, त्याखाली काय कोरलंय ते चाक वरून गेल्यावरच कळतं.

आपला,
एक निवृत्त एसटी वाहक, राजापूर